हात वरच जोडा

आई, उद्या सकाळी मला किरणांच्या मशीनखाली झोपायचंय आणि मला श्वास धरता येत नाहीये. तुझ्यासारखीच छातीत गाठ, तीही डाव्याच बाजूला. तुझ्या वेळी श्वास हलका ठेवायचा होता. आता म्हणतात, छाती भरून घ्या आणि धरून ठेवा, म्हणजे हृदय किरणांपासून जरा लांब राहतं. शिकवणारी मुलगी गोड आहे गं, पण ती 'धरा' म्हणाली की माझा श्वास सुटतोच. तिच्यासमोर हसले. घरी येऊन नळ सोडून रडले.

ते नव्वद-ब्याण्णव साल असेल. मी नुकती नोकरीला लागले होते आणि तुला काष्टीहून माझ्याकडे सावेडीला आणलं होतं. गावात कळू नये म्हणून तू 'लेकीकडं चालले' एवढंच सांगून निघालीस. मशीनवाल्या दादांनी बजावलं होतं, डावा हात डोक्यावर, श्वास झोपेतल्यासारखा, बाकी हलायचं नाही. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात सतरंजीवर आपली तालीम. मी तुझ्या पोटावर स्टीलची वाटी ठेवते. वाटी वरखाली नाचते आणि तू माझ्यावरच खेकसतेस, इतकी वर्सं श्वास घेतला तवा कुनी शिकवाया आलं न्हाई म्हणून. जन्मभर चुलीत फुंकर घातलेली बाई तू, हळू श्वास तुला कुठला ठाऊक! तरी शिकलीस. वाटी जेमतेम हलायला लागली.

पण खऱ्या दिवशी ते जाड दार लागलं आणि आत तू एकटी. दादांच्या मागून मी काचेतून बघतेय. तुझा हात डोक्यावरून हळूच खाली येतो, दुसऱ्या हाताला जाऊन मिळतो. मशीन थांबतं. दादा आत जातात, छातीवरच्या जांभळ्या खुणा पुन्हा जुळवतात. पुन्हा दार, पुन्हा हात खाली. दादा वैतागले, असं हललात तर किरण भलतीकडंच लागतील म्हणाले. तू ओशाळलीस.

"भ्या वाटलं की मनात त्रिसरण येतं, दादा, बुद्धं सरणं गच्छामि. अन् हात जोडल्याबिगर ते कसं म्हनू?"

दादांनी तुझे दोन्ही हात उचलून डोक्यावर नेले.

"मग हात वरच जोडा, मावशी. मनातल्या मनात म्हणा. श्वास त्याच्या मागनं येईल."

आला की! शेवटच्या दिवसापर्यंत तू तशीच झोपलीस, ओठसुद्धा न हलवता. त्यानंतर पुष्कळ जगलीस, आणि गेलीस ती भलत्याच दुखण्यानं. आज तेवढंच धरून बसलेय मी.

आत्ताच पलंगावर वाटी ठेवून पडले होते. आता ती वर जायला हवी आणि वरच राहायला हवी. आकडे मोजते, तर मध्येच धाप लागते. मग तुझं त्रिसरण मनात लावलं. एरवी विहाराची पायरीही न चढणारी मी. दुतियम्पि आलं, दुसरी फेरी सुरू झाली, तरी वाटी वरच. पण हात जोडलेले होते. सोडून बघितले, तर श्वासही सुटला. आणि तिथं हात वर करून दोन दांड्या धरायच्या असतात.

हे पत्र कुठं टाकणार, उशाखाली ठेवते. उद्या त्या मुलीला विचारणार आहे, हात वर जोडले तर चालतील का. विचारायची लाज नाही वाटत, आई. ती नाही म्हणेल, याची भीती वाटते.