झाईच्या वाडीवरून गेलेली लाइन

१२ जानेवारी १९६१, डहाणू
मेहता इंजिनीअर नकाशा घेऊन आले. विजेच्या मोठ्या लाइनला दोन मार्ग. एक झाईवरून, चिकूच्या वाड्यांतून. दुसरा आतून, झरीच्या पाड्यावरून. म्हणाले, "वकीलसाहेब, कंपनीला दोन्ही सारखेच. कोर्टात कुठला टिकेल तेवढं लिहून द्या."
पहिल्या मार्गात आमचीच वाडी येते. सांगून टाकलं. मेहता हसले – "मग दुसराच की!"
म्हटलं, आधी जागा पाहतो.

१५ जानेवारी
झरीला जाऊन आलो. पाड्यातली निम्मी घरं तारांखाली. जिवली नावाच्या बाईचं घर तर बरोबर टॉवरच्या जागी – कुडाचं, नुकतंच सारवलेलं. जमीन दुसऱ्याच्या नावावर, म्हणून हिला नोटीसच नाही! मी कंपनीचा वकील, हे कळूनही तिने बसायला बाज पुढे केली.
"तार वरशी जाल, तं खालचा घर कां मोडता?"
एवढ्या मोठ्या लाइनखाली घर ठेवता येत नाही, हे सांगितलं. ती उठून घरात गेली.

१६ जानेवारी
दादा आले. वाडी तेच बघतात.
"झाडं आईने लावलीत, महादू. त्या झाडांवर तू वकील झालास. पाड्यातल्यांचं काय, दुसरीकडे कूड उभे करतील!"
सौ. आनंदीने चहा आणला. दादांनी घेतला नाही.

१९ जानेवारी
मत लिहून दिलं – झाईचा मार्ग. झाडांची भरपाई देता येते. राहती माणसं नोटिशीवाचून उठवली तर कोर्टात टिकणार नाही. खाली लिहिलं, वाडी माझ्या कुटुंबाची आहे.
तासाभराचं काम. सबंध दिवस गेला.

२ मार्च
प्रांतांपुढे सुनावणी. वाडीवाल्यांतर्फे दादाच उभे राहिले. प्रांतांनी मला विचारलं, "हे तुमचे कोण?"
"थोरले भाऊ, गोविंद."
"आणि तुम्ही कंपनीकडून?"
"होय."
"बरं. बोला."
बोललो, जिवलीच्या घराचंही सांगितलं. वाडीवाल्यांची हरकत फेटाळली गेली. बाहेर पायरीवर दादा म्हणाले, "आईने सांगितलंय – पुन्हा तोंड दाखवू नकोस."

३ मार्च
काही नाही.

२० मार्च
आमची झाडं पाडली म्हणे. गेलो नाही. कोर्टात दोन तारखा होत्या.

२३ मार्च
झाईच्या बसने आई आली! एकटीच, पत्र्याची ट्रंक घेऊन. म्हटलं, तूच ना तोंड दाखवू नको म्हणालीस?
"मी? मी कधी म्हटलं!"
ट्रंक दारातच ठेवली.
"त्या झरीच्या बाईचं घर राहिलं ना?"
"राहिलं."
"मग झालं. गोविंदाकडे मला आता घास उतरत नाही. इथंच राहते."