मान डावीकडे

९ फेब्रुवारी २००१, शुक्र.
सकाळी पिंजरा उघडला तर पिठ्याची मान डावीकडे कललेली. वाटलं, काहीतरी ऐकतोय. हाक मारली. मान तशीच. हेमंत म्हणाला, अवघडून झोपला असेल ससोबा. सासूबाई म्हणाल्या, लचक.
दुपारी मेथी दाखवली. माझ्याकडे यायला निघाला आणि भिंतीकडे गेला. पुन्हा निघाला, पुन्हा भिंत. मग कुशीवर पडला. वरचं बुबुळ डावी-उजवी, डावी-उजवी. ससा स्थिर, डोळा चालू. मी त्याच्यावर टॉवेल टाकला. ऊब म्हणून नव्हे. मला बघवेना.

१० शनि.
खोक्यातून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे. आमच्यापुढे एक म्हैस. डॉक्टर भला माणूस. "मॅडम, माझा सगळ्यात छोटा पेशंट म्हणजे पारडू. ससा मी परीक्षेपुरता वाचलाय." बॅटरीने कान बघितले. आत संसर्ग असेल. नाहीतर मेंदूत काही.
"दोन्हींतलं कुठलं?"
"औषध लागू पडलं तर कान."
रोज एक इंजेक्शन, मानेमागच्या सैल कातडीत. घरीच. मीच. निघताना म्हणाले, "खातोय तोवर घाबरू नका. सशाचं पोट थांबलं की मग फार वेळ मिळत नाही." गोखिवऱ्याला घरी पोचेपर्यंत डोक्यात हेच वाक्य.

११ रवि.
टोचलं. हेमंतने धरला. हेमंतचे डोळे मिटलेले, पिठ्याचे उघडे.
संध्याकाळी लोळायला लागला. पोळपाटावरून निसटलेल्या लाटण्यासारखा, खोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. थांबवायला हात घातला, मनगट ओरबाडलं. दोन्ही बाजूंनी जुन्या साड्यांच्या गुंडाळ्या लावल्या. मध्ये दाबून बसवला की थांबतो. खालचा डोळा मिटत नाही. ओल्या कापसाने पुसते.

१३ मंगळ.
मेथी नाही. कोथिंबीर नाही. लेंड्या मोहरीएवढ्या.
तबेल्यातून लसूणघास आणला, मिक्सरमधून काढला, बिनसुईच्या सिरिंजने गालात सोडला. अर्धा बाहेर.
"ह्याच भांड्यात उद्या चटणी ना?" सासूबाई.
"घासून देते."
"घासून काय. विचारलं आपलं."
जेवताना पुन्हा लचकेचा विषय. वरच्या मजल्यावरच्या सावंतमावशी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी. कुणाची पाठ धरली, मान धरली की बिल्डिंग त्यांच्याकडे जाते. त्यांचा पाय लागला की उतार पडतो म्हणे. मी नको म्हटलं.
"तुझ्या डॉक्टरनं म्हशी बघितल्यात. सावंतीण माणसं बरी करते."
"आई, त्यांचा पाय केवढा, हा केवढा," मी म्हटलं.
हेमंत भात कालवत राहिला.

१४ बुध.
तपासलेली प्रुफं द्यायला पापडीला छापखान्यात गेले होते. परत आले तर दार उघडं. बाहेर मावशींच्या चपला.
खोलीच्या मध्यावर गोधडी. तिच्यावर पिठ्या, सासूबाईंनी दोन्ही हातांनी धरलेला. सावंतमावशी भिंतीला टेकून, साडी खोचलेली, उजवा पाय उचललेला. पाय ओला.
"भिया नको गो, पाय धुवन इलंय."
ओरडायला हवं होतं. उंबऱ्यात उभी राहिले. मनात आलं, आला गुण तर.
अंगठा मानेला टेकला. नुसता टेकला.
"ह्येचा काळीज माझ्या अंगठ्याक लागता," मावशी म्हणाल्या, आणि निखाऱ्यावरून काढावा तसा पाय काढून घेतला. भिंत धरून खाली बसल्या. कपाळभर घाम. "परत बोलवू नकात माका. माणसांचा येगळा."
पिठ्या सुटला, लोळत जाऊन टेबलाच्या पायावर आपटला. मग बराच वेळ हलला नाही. कान गार.
संध्याकाळी हेमंतला मी सांगितलं की मावशी येऊन गेल्या. मी दारात होते हे नाही सांगितलं. सासूबाईंनीही नाही सांगितलं.

१५ गुरु.
सकाळपासून एकही लेंडी नाही. सिरिंज दातांवर अडते. आपटल्यामुळे? का तसंही झालंच असतं? डॉक्टरांनाही कळणार नाही हे. म्हणजे कधीच नाही.
हेमंतने खालच्या पीसीओवरून त्यांना फोन केला. काय म्हणाले ते जिन्यात सांगितलं, घरात नाही. उद्या सकाळी आणा. तोवर खाल्लं तर औषध चालू ठेवू. नाही खाल्लं तर त्याला सोडवायचंही इंजेक्शन असतं.
"ठरवायचं कोणी?" हेमंत.
"डॉक्टर."
"ते म्हणाले, तुम्ही."
वर आलो तर सासूबाई खोक्यापाशी, हातात कोथिंबीर. आम्ही आलेलं कळलं नसावं. "खा रे बाबा. शिव्या मी खाईन. तू पाला खा."

१६ शुक्र.
हेमंत रिक्षा आणायला गेलाय.
पिठ्या लोळत नाही. ताकद संपली, की लोळणं संपलं? बुबुळ हळू झालंय. त्याचाही अर्थ लावता येत नाही. खोक्यात नवी साडी घातली. का घातली.
आता कोथिंबीर पुढे धरली तर ओठ हलले. एक काडी घेतली. अर्धी आत, अर्धी बाहेर. चावत नाही. टाकतही नाही. मी हात मागे घेतला, खोकं हलू नये म्हणून जमिनीवर बसून लिहितेय.
"हे खाल्लं म्हणायचं का गं?" सासूबाईंनी विचारलं.
मी सांगितलं, माहीत नाही.
खाली रिक्षाचा हॉर्न. हेमंतची हाक. काडी तशीच.
पुन्हा हॉर्न. सासूबाईंनी खिडकीतून हात केला, थांब. किती वेळ, ते नाही सांगितलं.