दोन दांडे, एक पटर

घडले ते असे :

१. माझे वडील (यापुढे 'बाबा') गोल्फच्या मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत चौतीस वर्षे खेळाच्या काठ्या दुरुस्त करत आले. मैदानावर त्यांना सगळे 'दांडेमास्तर' म्हणतात.

२. मैदानावरच्या कामगारांना वर्षातून एक दिवस खेळता येते. त्या दिवशी बाबा नेहमी स्वतःचा पटर वापरत. पटर म्हणजे चेंडू शेवटी भोकात ढकलायची काठी. त्यांच्या पटरला पितळी डोके आणि पोलादी दांडा होता.

३. तीन वर्षांपूर्वी, त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, मी पोलादी दांडा काढून कार्बनचा बसवला. बाबांना साठावे लागले होते, त्याची भेट म्हणून. त्यांना विचारले नाही.

४. दुसऱ्या दिवशी शेवटच्या भोकावर, दोन फुटांवरून, बाबांचा चेंडू डावीकडे गेला. ते हरले.

५. नंतर खोलीत सहा जणांसमोर ते म्हणाले, "दांडा नाही बदललास तू, पोरी. माझ्या हातांचे कान कापलेस." मी म्हणाले, "आलेख दाखवू का?"

६. त्यांनी पटर माझ्या हातात दिला. "ने तुझं यंत्र."

७. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

८. येत्या एकोणीस तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत.

मी, दांडेमास्तरांची मुलगी, वय एकतीस, अविवाहित, साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तक्रार फक्त हृदयाची आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणता येईल इतक्या जवळ कोणी राहत नाही. डॉक्टरांनी धोका शंभरात तीन सांगितला. "अगदी किरकोळ आहे," असेही म्हणाले. आमच्याकडे शंभरात तीन नमुने मोडले तर सगळा माल परत जातो. म्हणून हे लिहून ठेवते.

घर. घर माझे नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याच्या आहेत आणि खाली राहणाऱ्या घरमालकीण मावशींना त्या पुसून परत कराव्यात. दोन खोल्यांमधल्या बोळाच्या फरशीवर अकरा फुटांवर खडूची रेघ आहे, तीही पुसावी. मी तिथून आडव्या ठेवलेल्या कपात चेंडू ढकलते. मावशी एकदा वर आल्या होत्या. "रोज संध्याकाळी काय गं टकटक चालते? मला वाटलं, कोणी आलंय तुझ्याकडे." मी म्हटले, नाही, मीच. त्यानंतर मी कपाखाली फडके घालते.

सामान. भांडी, कपाट आणि पलंग ज्याला हवे त्याने न्यावे. खुर्च्या दोन आहेत. एकीचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. ती नवी म्हणून देता येईल. कुंड्या मावशींना द्यायच्या होत्या, पण त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्राने काही ठेवता येत नाही, म्हणून तीनही कुंड्या आजच खाली नेऊन दिल्या. "एवढी घाई कसली?" म्हणाल्या, आणि लगेच एकीला पाणी घातले.

हत्यारे. सूक्ष्ममापी, कोनमापी आणि पान्यांची पेटी माझ्या भावाला, दादाला. तो आता बाबांच्या खोलीत काम करतो. पेटीत टॉर्क पान्याची जागा रिकामी आहे. तो पाना प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी 'दोन मिनिटांसाठी' नेला. तोही या कागदाचा साक्षीदार आहे, म्हणजे तो पाना मला त्याला कायद्याने देताच येत नाही. त्याने तो सोमवारी परत आणावा.

बचत. बँकेत जे असेल ते दादाचे. त्याच्याविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती इथे नोंदवते. तीन वर्षे तो दोन्हीकडचे निरोप नेतो, आणि दोन्हीकडे ते गोड करून सांगतो. "बाबा तुझी आठवण काढतात गं." मी विचारले, नक्की काय म्हणाले? तेव्हा म्हणाला, "म्हणाले, ती अजून जेवताना वाचते का." मला एवढेच हवे होते, जसेच्या तसे. पुढे काही साखर घालायची नव्हती. "अगं, मग ये ना एकदा. ते काय खाणार आहेत तुला?" दादा, तुला माहीत नव्हते मी का येत नाही. पुढच्या कलमात आहे.

पटर. पितळी डोके, त्याला बसवलेला कार्बनचा दांडा, आणि दाराआड उभा ठेवलेला जुना पोलादी दांडा, असे तिन्ही बाबांना. हा पटर मुळात त्यांचाच आहे, तेव्हा याला देणे म्हणण्यापेक्षा परत करणे म्हणावे. सोबत माझी निळी वही द्यावी.

नवा दांडा बसवल्याने पटर स्थिर होतो का, आणि हाताला चांगला लागतो का, यावर आमचे भांडण झाले, असे सगळे समजतात. स्थिरतेचे उत्तर मी मोजले आहे. प्रयोगशाळेत पटर झुलवून फटका मारणारे लोलकयंत्र आहे, त्यावर प्रत्येक दांड्याने दोनशे फटके मारले. चेंडू डोक्याच्या मधोमध न लागता कडेला लागला, तर पोलादी दांडा पीळ खातो आणि डोके वळते. कार्बनच्या दांड्याने हे वळणे एक तृतीयांशाने कमी झाले. हे खरे आहे आणि मी ते मागे घेत नाही.

हाताला कसे लागते, ते मला मोजता आलेले नाही. पोलादी दांड्यातली थरथर जास्त वेळ टिकते. बाबांची बोटे गोंद आणि द्रावणांनी चौतीस वर्षांत बधिर झाली आहेत. चेंडू कुठे लागला, ते त्यांना त्या थरथरीवरून कळायचे. मी ती थरथर दोष म्हणून काढून टाकली. ते कान म्हणाले ते याला. मला तेव्हा वाटले, हरले म्हणून बोलतात.

पण ते दांड्यामुळे हरले नाहीत. हे मी कोणालाही सांगितलेले नाही.

दांडा बदलताना मी डोक्याच्या मानेचा, म्हणजे दांडा बसतो त्या जोडाचा, जमिनीशी होणारा कोन मोजला. मूळ आराखड्यात बहात्तर अंश असतो, तिथे सत्तर भरला. मला वाटले, वापरून वाकली. मान शिकंजात धरून मी ती सरळ केली आणि निळ्या वहीत लिहिले : 'मान ७० वरून ७२. दुरुस्त.' मान वाकलेली नव्हती. बाबांनी ती वाकवली होती. बाकावर ओणवे राहून राहून त्यांची पाठ वाकली, तसे त्यांचे हात खाली आले, म्हणून त्यांनी पटर आपल्या पाठीच्या मापाचा केला. मी सरळ केल्यावर त्यांच्या हातात डोक्याचे पुढचे टोक वर उचलले गेले असणार आणि दांड्याकडची टाच गवताला घासली असणार. टाच घासली की चेंडूला लागणारे तोंड डावीकडे वळते. लोलकयंत्राने हे मला दाखवले नाही, कारण यंत्रात पटर आधी सपाट बसवून मगच पकडतात. यंत्राला पाठ नाही.

एका चाचणीत एकच गोष्ट बदलायची, हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवते. मी दोन बदलल्या, आणि एक तर मोजलीच नाही.

ती नोंद आठ महिन्यांनी माझ्या नजरेस पडली. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. पण तोपर्यंत भांडण दांड्याचे झाले होते, आणि दांड्याच्या भांडणात माझी बाजू बरोबर होती. ती सोडवेना. दादाकडून कळले की बाबा त्या वार्षिक दिवशी आता खेळत नाहीत. कोणी विचारले तर म्हणतात, "हात गेले माझे." हात गेलेले नाहीत, बाबा. मान मी सरळ केली होती.

परवा मी मान पुन्हा सत्तर अंशांवर आणली. तीनदा मोजली.

चाचणी. बाबांनी स्वतः करावी, दुसऱ्या कोणाला देऊ नये. मान सत्तरवरच राहील. दादाने बाबांच्या नजरेआड एकदा पोलादी, एकदा कार्बनचा दांडा बसवून आणावा आणि कुठला ते सांगू नये. दोन्ही दांड्यांना वरून सारखा काळा कागद गुंडाळावा. बाबांनी दोन फुटांवरून प्रत्येकी वीस चेंडू मारावेत आणि दर फटक्याला डोळे मिटून सांगावे : मधोमध लागला, की कडेला. दादाने खरे ते लिहावे, गोड ते नाही. जो दांडा बाबांना ऐकू येईल तो पटरला कायमचा बसवावा. तो पोलादी निघाला तर माझे आलेख भट्टीत घालावेत, हरकत नाही.

अंमलबजावणी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबांनी करावी. त्यांनी नकार दिला तर दादाने.

सही : (केली)
ठिकाण : भाड्याच्या घराचे स्वयंपाकघर
दिनांक : नऊ, सोमवार

साक्षीदार १ : घरमालकीण. सही करताना म्हणाल्या, "सही करते, पण एकोणीसचं झालं की हा कागद मी स्वतः फाडणार." हे मला मान्य आहे.

साक्षीदार २ : प्रयोगशाळेतील सहकारी. पाना आणलेला नाही. म्हणतो, "आज सोमवार आहे हे माहीत नव्हतं." पुढचा सोमवार धरला आहे.

सह्यांच्या खालचा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. या कागदाची एक प्रत आज बाबांना पाठवत आहे.

बाबा, रुग्णालयाच्या अर्जात 'जवळचे नातेवाईक' अशी एक ओळ आहे. तिथे मी मावशींचे नाव घातले आहे. पेन्सिलने. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी तो अर्ज शाईने भरून द्यायचा आहे. वरची चाचणी मी गेल्यावरच करावी असा काही नियम नाही. बोळ अकरा फुटांचा आहे, दोन फुटांना पुरेल, आणि बसायला दुसरी खुर्ची आहे. मी अजून जेवताना वाचते.

तुम्ही येणार की नाही, ते सोळा तारखेपर्यंत कळवा. दादाकरवी नको. तुम्ही स्वतः.