पोशा गैरहजर आहे

खोपोली,
१४ डिसेंबर १९८७

प्रिय शशी,

दिवाळीच्या फराळाबरोबर आलेल्या तुझ्या पत्राला मी आत्ता उत्तर देते आहे, तेव्हा तू फुगून बसला असशील. बस थोडा वेळ. चहाचा कप पुढे आला की तुझं फुगणं उतरतं, हे मला ठाऊक आहे. कर्जतच्या तुझ्या कॉम्प्युटर क्लासला आता खुर्च्या अपुऱ्या पडतात, सोनेरी काठाची प्रमाणपत्रं पुन्हा छापायला टाकली आहेत, आणि खाली परीक्षक म्हणून माझी सही आली तर कागदाला वजन येईल, असं तू लिहिलंस. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख, मुंबईची अवघड परीक्षा पास झालेली, वगैरे वगैरे. एवढी स्तुती तू आपल्या लग्नाची बोलणी चालू असतानाही केली नव्हतीस. वाचून हसले, आणि घडी करून पत्र कपाटात ठेवलं. त्यानंतर ते कपाट उघडायचंच टाळत होते.

ती मुंबईची परीक्षा आपण दोघं बरोबर देत होतो, शशी. कर्जतच्या वाचनालयात एकाच पुस्तकावर दोन डोकी, आणि ग्रंथपाल मालतीताईंचं आपल्याकडे चष्म्यावरून बघणं. दोनदा दोघंही नापास झालो. तिसऱ्यांदा तू म्हणालास की ज्यांनी कधी कारखान्याचं काम केलं नाही त्यांनी आम्हाला काय तपासायचं, आणि फॉर्म भरलाच नाहीस. मी भरला. निकालानंतर तू पेढे घेऊन आलास, छान बोललास, आणि पुढे दोन्ही घरांतली बोलणी कुणी न मोडता आपोआप थांबली. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. आता तुला सांगायला हरकत नाही.

तुझी जया आमच्याकडे लागली ते तुला माहीत आहे. खालापूरची, गोड मुलगी, तुझ्या क्लासात पहिली आलेली. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी सोनेरी काठ बघितला आणि मुलाखतीत तिला फक्त गाव आणि वडिलांचा धंदा विचारला. पोरगी कष्टाळू आहे, उलट उत्तर करत नाही, बोटं भराभर चालतात. तुझ्याकडे पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर सराव केला, असं ती हसत सांगायची. मीही हसायचे.

या वर्षी खंडेनवमीला मी कर्जतला आईकडे होते. कारखान्यात खंडेनवमी कशी असते ते तू पाहिलं आहेस. लेथ, वजनकाटे, पाने, स्क्रू ड्रायव्हर, जो तो आपापलं हत्यार धुऊनपुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडू घालतो. जयाला वाटलं, आपल्या विभागाचं हत्यार का उपाशी राहावं? यंत्राला हार घातला, ते ठीक. मग तिनं सगळ्या फ्लॉप्या त्यांच्या कागदी पाकिटांतून काढून ताटात ओळीनं मांडल्या. फ्लॉपीच्या काळ्या आवरणाला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून आतली चकती दिसते. तिला ती जागा कपाळासारखी वाटली. प्रत्येकीला तिनं बरोबर तिथंच, बोट टेकून, ओलं हळदकुंकू लावलं. कामगारांची सगळी नावं त्या चकत्यांवर होती.

दसऱ्यानंतर यंत्रानं एकही फ्लॉपी वाचली नाही. जया घाबरली. मी अजून कर्जतलाच होते. तिला माझ्या कपाटात मार्चअखेरच्या फ्लॉप्यांचा जुना संच सापडला, तो तिनं घातला आणि काम सुरू झालं. नवे लागलेले कामगार तिनं आठवून आठवून भरले. गेलेले कोण, हे आठवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. मला कळलं तेव्हा मी विचारलं, फ्लॉपीला बोट लावायचं नसतं एवढंही सरांनी शिकवलं नाही का? ती म्हणाली, "सरांनी फ्लॉपी लांबूनच दाखवली हो, ताई. एकच होती, खराब होईल म्हणून कुणाच्या हातात दिली नाही." तुझ्यावर रागवावं की तिच्यावर, मला कळेना.

आता पोशाचं सांगते. तुझी त्याची ओळख नव्हती. आमच्या कागद कारखान्याच्या लगदा विभागात काम करायचा, नदीपलीकडच्या वाडीतला. श्रावणात पाळीवरून घरी जाताना पाताळगंगेच्या पुरात वाहून गेला. चार गावांची माणसं काठानं शोधत फिरली, चप्पलसुद्धा मिळाली नाही. शेवटी वाडीनं गवताचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मी स्वतः त्याचं नाव यादीतून काढलं होतं, आणि काढताना क्षणभर हात थांबला होता. जयाच्या जुन्या संचातून तो परत आला. आमच्याकडे कामगार आठवडाभर न कळवता आला नाही की यंत्र आपणच पत्र छापतं, शिपाई शिक्का मारून टपालात टाकतो. पोशाच्या घरी पत्र गेलं की आपण पूर्वसूचनेशिवाय कामावर गैरहजर आहात, तरी तात्काळ रुजू व्हावे.

त्याची बायको आवडी ते पत्र घेऊन फाटकावर आली. पोस्टमननं तिला वाचून दाखवलं होतं. मी खाली गेले. तिच्या कपाळावर कुंकू होतं, ताजं, ठसठशीत. हातात त्याचा डबा होता. तिनं मला एकच विचारलं, "बाय, गैरहजर मंजे मानूस हाय, पन आला नाय. तसंच ना गं?"

मी तिला सगळं समजावलं. चूक झाली, जुनी यादी लागली, तुझा नवरा गेला ग बाई. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चूक मानसाची व्हते. मशीन शिकलेलं असतंय ना? मानसं शोधून दमली, मशीनीनं शोधला आसंल." साहेबांच्या सहीचं माफीचं पत्र दिलं, ते तिनं घेतलं नाही. पहिलं मात्र कमरेला खोचलेलं असतं.

तेव्हापासून दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की ती फाटकासमोरच्या चिंचेखाली उभी असते. माणसं बाहेर पडतात, ती एकेकाचं तोंड बघते. शेवटचा माणूस गेला की डबा उघडून भाकर कुत्र्यांना घालते आणि परत जाते. आधी कामगार तिच्याशी बोलायचे, आता मान खाली घालून जातात. एकानं तर मला सांगितलं की गर्दीत आपल्या मागून कुणी ओल्या पायांनी चालतंय असं वाटतं. मी त्याला झापलं. पण खरं सांगू? पोशाचं नाव मी पुन्हा काढलं, तरी यादी छापली जात असताना त्या अक्षराशी आलं की माझी नजर कागदावरून हलते. मला भीती वाटते, शशी. ते नाव परत दिसेल याची वाटते, आणि कधीतरी दिसावं असंही मनात येतं, याची जास्त वाटते.

जयानं तिचं प्रमाणपत्र घरच्या भिंतीवरून काढून माझ्या टेबलावर आणून पालथं ठेवलं. ते अजून तसंच आहे. नोकरी सोडते म्हणत होती, मी सोडू दिली नाही. शिकवते आहे, पहिल्यापासून. आता फ्लॉपी धरायच्या आधी ती दोनदा हात धुऊन येते.

हे पत्र टपालानं येणार नाही. ते घेऊन जी मुलगी तुझ्या दारात उभी आहे ती जनी, पोशा आणि आवडीची लेक. दहावी झाली आहे. आवडी तिला घेऊन परवा माझ्याकडे आली आणि म्हणाली, हिला ते मशीन शिकवा, मंजे ही आत बघंल, बाप कुठं हाय तो. आई पुढे गेल्यावर जनी जिन्यात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला शिकायचंय. बाबा आत नाय, ते आयला उघडून दाखवायचंय. दुसऱ्या कुनाचं ती ऐकत नाय." आवडीला अक्षरओळख नाही, शशी. तिनं जयाचा सोनेरी काठ माझ्या टेबलावर पाहिला आणि एवढंच विचारलं, की असा कागद मिळाला की पोर सांगंल ते खरं ना? मी हो म्हणून बसले आहे. तुझ्या कागदाला वजन हवं होतं ना, ते हे आहे. तो कागद दाखवून एक मुलगी आपल्या आईला कुंकू पुसायला सांगणार आहे. तेव्हा जनीला फ्लॉपी हातात दे, खराब झाली तर होऊ दे. सगळ्यांनाच दे. परीक्षा मी घ्यायला येईन, यंत्रासमोर बसवून घेईन, आणि नापास होणाऱ्याला नापास करीन. जनीलासुद्धा, पुन्हा पुन्हा. जयाही तिच्या शेजारी बसेल. आणि तुझी तयारी असेल तर पहिल्या खुर्चीवर तू बस, राहिलेली तिसरी खेप समज. मग तुझ्या सहीखाली मी सही करीन. तोवर आवडी चिंचेखाली उभी राहणार आहे, आणि खिडकीतून तिच्याकडे बघायचं काम माझं आहे.

पोर सकाळपासून उपाशी निघाली आहे, आधी तिला काहीतरी खायला घाल.

अजूनही तुझीच,
सुचेता