पुढच्यासाठी ढलप्या

कोर्पिवारा, २० सप्टेंबर १९९३

चि. रेय्यो यास हिल्काताईचे अनेक आशीर्वाद.

इथे सारे ठीक, माझा गुडघा तेवढा सोडून. डोंगरावरच्या आपल्या खोपट्याची डागडुजी करून निघाले. निघताना करायचं ते काम चुकवलं नाही, पण उतारावर घसरले. डॉक्टर म्हणाले, यंदा स्की विसरा. मला चालण्याआधी स्की यायचं म्हटलं, तर हसले नुसते.

येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही उघडं असावं म्हणून बाबांनी आणि गावाने श्रमदानातून बांधलेलं ते खोपटं. वाटेवर खुणेच्या काठ्या रोवायच्या, लाकूड फोडायचं, चूल राखायची, हे बाबांमागे मीच करत आले. आता गावच्या मंडळाने ठरवलंय, नाताळच्या आत कोणी जबाबदारी घेतली नाही तर खोपट्याला कुलूप. तरणी पोरं तुझ्यासारखी दक्षिणेला गेली. शेजारची सायमी आठवते ना? नवरा गेल्यावर दोन हिवाळे घराबाहेर पडली नव्हती. मीच तिला काठ्या रोवायला ओढून नेलं. आता तीच सगळ्या आळीला हाकलत वर नेते, पण कुऱ्हाड काही तिला झेपत नाही. सूर्य उगवत नाही त्या दिवसांत माणसाला घराबाहेर काढणारी तेवढी एकच वाट आहे रे.

ये असं मी म्हणत नाही. आन्या गेल्यापासून तू चार भिंती धरून बसलायस, एवढंच म्हणते.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही दिसू दे.

तुझी ताई

हेलसिंकी, ११ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

ये म्हणत नाहीस आणि पत्रभर बोलावतेस! इथे ट्रामपर्यंत जाताना मला धाप लागते.

खोपटं म्हटलं की बाबाच दिसतात. नऊ वर्षांचा होतो. पुढच्यासाठी चूल पेटवायच्या ढलप्या न करताच निघालो, तर अर्ध्या वाटेवरून परत पिटाळलं. येताना पाहुणा, जाताना यजमान, हे त्यांचं ठरलेलं. रडत ढलप्या काढत होतो, तेव्हा तू मागून आलीस, खिशात राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा घेऊन. तो पाव अजून जिभेवर आहे.

लग्न झाल्यापासून आन्याला ही गोष्ट फार आवडे. एकदा ते खोपटं दाखव म्हणायची. राहून गेलं. म्हणूनच मला येववत नाही, ताई. दुसरं कोणी शोध.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा रेय्यो

कोर्पिवारा, ५ डिसेंबर

चि. रेय्यो यास आशीर्वाद.

दुसरं कोणी मिळालं नाही. सायमीने कुलूप आणलं आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. वीस तारखेला लावणार. रागावले नाही. वाईट वाटलं.

गुडघा बरा आहे. जेवत जा.

ताई

खोपट्यातून, १८ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

दचकू नकोस. सकाळच्या गाडीने आलो आणि तुझं दार चुकवून वर चढलो. तू कॉफीवर कॉफी पाजून मला खालीच अडकवलं असतंस. तुझं पत्र आल्यापासून ते कुलूप डोळ्यांपुढून हलेना. सायमीला तेवढं सोबत घेतलं; ती पुढे, मी मागे. माझं स्की बघून ती इतकी हसली की दोनदा थांबली.

पोचलो तेव्हा बोटांत काडी धरवेना. पाहतो तर चुलीपाशी ढलप्या, टोकाला कुरळ्या केलेल्या, तू करतेस तशा. बर्चची साल वेगळी, कोरडी. एका काडीत पेटल्या. कोण येणार हे ठाऊक नसताना तू करून ठेवल्या होत्यास आणि आलो मी. लाज कसली, रडलो. आन्याचा फोटो फळीवर ठेवलाय, चूल दिसेल असा.

मंडळाला सांग, हिवाळाभर लाकूड, चूल, काठ्या सगळं मी बघेन. कुलूप सायमी दुकानात परत करणार आहे. हे पत्र तिच्याच हाती देतोय. माझा मुक्काम आज इथेच. वसंतात तुला घसरगाडीवर बसवून ओढत आणीन. कुरकुर चालणार नाही.

तुझ्या मायेची ऊब पोचली, तशीच राहू दे. थांबतो आता. उद्या खाली यायचंय आणि ढलप्या करायच्या राहिल्यात.

तुझा रेय्यो