गच्चीवरचं भांडं

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

धुरातलं पडेल ते टिपायला तू गच्चीवर ठेवलेल्या काचेच्या भांड्यातलं पाणी विसावी बाटली भरून पाठवलं आहे. तुझ्या लेकरासारखं सांभाळते हो त्याला! ह्यांनी खाडीत पाळलेले शिंपले अजून मरताहेत. जाळी उचलली की निम्म्यांची तोंडं उघडी. कंपनीला दुसऱ्या धुराड्याची परवानगी द्यायची का, त्याची सुनावणी वीस तारखेला आहे. आपली मेहुणी शास्त्रज्ञ आहे, धुरातलं किती विष पाण्यात उतरतं ते ती आकड्यांत दाखवेल, असं हे भेटेल त्याला सांगत सुटलेत. आमची अब्रू आता तुझ्या हाती.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

आकडे फारच कमी येताहेत. वीसच्या वीस बाटल्या जवळजवळ स्वच्छ. अहवाल थांबवायला साहेब तयार नाहीत, तो उद्या जाईल. तू बाटली कशी भरतेस ते बारीकसारीक लिही. भावोजींना तोंड कसं दाखवू?

तुझी धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र सुनावणीनंतर पोचलं. कंपनीच्या वकिलाने तुझेच आकडे वाचून दाखवले. परवानगी मिळाली. हे घरी आले ते न जेवता झोपले.

बाटली कशी भरते म्हणून विचारलंस. आई पाणी गाळायची तशीच, दुहेरी फडक्यातून. फडक्यावर काळा, चिकट थर राहतो. तो तुझ्या प्रयोगशाळेत कसा पाठवू? शाळेत सिस्टर नखं बघायला यायच्या, तेव्हा तुझी बोटं मीच आधी रुमालाने पुसायचे, आठवतं?

तुझी ताई

१ एप्रिल

ताई,

विष त्या काळ्या थरातच होतं गं! काजळीला चिकटूनच ते समुद्रात पडतं. सगळं लिहून दिलं होतं मी, गाळू नकोस एवढंच लिहायचं राहिलं. तीन वर्षांत तू पाणी कसं भरतेस ते एकदाही येऊन पाहिलं नाही. फडकी असतील तर तशीच पाठव. अहवाल मागे घ्यायचा अर्ज करते आहे. कारण लिहावं लागेल.

धाकटी

८ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

फडकी दर वेळी सोड्यात उकळली. पांढरी शुभ्र आहेत.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. कंपनीने तुला फितवलं असं ते म्हणतात आणि मी गप्प बसते. आता शिंपल्यांची जागा विकायला काढली आहे. तू लांब राहतेस, मला ह्याच घरात त्यांच्यासमोर रोज बसायचं आहे. अर्जात माझं नाव घालू नकोस. मोठी असून पदर पसरते.

ताई

१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुझं नाव घातलं नाही. नमुने घेताना चूक झाली, एवढंच लिहिलं. कोणाची, असं साहेबांनी विचारलं. माझी, असं मी म्हणाले. अर्ज फेटाळला आणि मला किनाऱ्याच्या कामावरून काढलं.

भांडं न्यायला सोमवारी माणूस येईल. भावोजी घरी असले, तर त्यांच्यादेखतच दे. माझ्याबद्दल त्यांचं जे मत झालंय ते राहू दे. तुझ्याबद्दल माझं काय झालंय, ते मात्र विचारू नकोस.

धाकटी