तिने न बघितलेला चित्रपट

शुक्रवार, ७ मार्च

सकाळचा पहिला खेळ बघून आलो. एकटा. पाणबुडीचा चित्रपट. तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती?" म्हटलं, "एक." तिने परत विचारलं. मी फार हळू बोलतो, हे मान्य आहे.

चित्रपट कसा होता? कोण जाणे! पाणबुडी खाली जाते, अजून खाली जाते आणि खालीच राहते. मध्यंतरापर्यंत कप्तान कोण आणि स्वयंपाकी कोण तेच कळेना, सगळ्यांचे चेहरे सारखेच तेलकट. शेवटी सगळे वर आले तेव्हा शेजारच्या माणसाने टाळ्या वाजवल्या. मला जांभई आली.

हाच चित्रपट तिने सांगितला असता तर मला घाम फुटला असता.

आम्हा नवरा-बायकोचं असंच होतं. ती बघायची, मी ऐकायचो. शुक्रवारी सकाळी नवा चित्रपट बघायचा आणि संध्याकाळी रेडिओवर धाकट्या भावाशी, बारक्याशी, त्यावरून भांडायचं — नऊ वर्षं हेच तिचं काम. लोक खास ते भांडण ऐकायला रेडिओ लावायचे. दोघांचा नियम असा, की माइक चालू होईपर्यंत एकमेकांना आपलं मत सांगायचं नाही. पण जिच्या पोटात काही राहत नाही तिने दुपारभर काय करायचं? मी दुकान बंद करून जिना चढून वर जेवायला यायचो, तर मला सांगायची. चपला काढता काढताच सुरुवात! खुर्ची ओढली की मोटार आली, झाकण आपटलं की गोळीबार. "तुझ्याकडे ओतलं की डोकं मोकळं होतं," म्हणायची. "मग संध्याकाळी बारक्याला धुवायला बरं."

त्यामुळे मी स्वतः इतकी वर्षं चित्रपटगृहात पाऊल ठेवलं नव्हतं. गरजच काय होती?

ती जाऊन पाच महिने झाले. आज घरी आलो, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. सगळी पाणबुडी तोंडात. सांगू कोणाला?


शनिवार, ८ मार्च

काल संध्याकाळी दुकानात बारक्याचा कार्यक्रम ऐकला. माझा मेहुणा. नाव बारक्या, पण पोट बघून कोणी म्हणणार नाही. आता एकटाच बोलतो. तेच विनोद, तोच चढा सूर, पण रंग भरत नाही. आणि एक गोष्ट मला कळली, इतरांना कळत असेल का माहीत नाही. तो अजून मध्ये मध्ये जागा सोडतो. एक वाक्य फेकतो आणि क्षणभर थांबतो. ती तिथे त्याला तोडायची.

चष्मा न्यायला एक आजी आल्या होत्या. रेडिओकडे मान करून म्हणाल्या, "ती बाई कुठे गेली हो? ती असली की ह्याची बोलती बंद व्हायची."

मी म्हटलं, "डाव्या डोळ्याचा नंबर थोडा वाढलाय तुमचा."


मंगळवार, ११ मार्च

सगळीकडे एकच विषय. सहा वर्षांपूर्वी वारलेला तो म्हातारा विनोदी नट — त्याच्या गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग येतोय, आणि त्यात त्याचा आवाज आहे! यंत्राने केलेला. चित्रपटात तो दिसत नाही, परदेशातून बायकोला फक्त फोन करतो. मुलाने परवानगी दिली. मुलगी म्हणते, बाबांचा आवाज काय सतरंजी आहे, कोणीही उचलावी नि कुठेही अंथरावी? आवाज देणाऱ्या कलाकारांची संघटना वेगळीच चिडली आहे. उद्या आम्ही काय करायचं, म्हणतात. तेही खरंच.

शेजारचा शिंपी मोजपट्टी गळ्यात तशीच घेऊन दुकानात आला. "मेलेल्याला तरी सुट्टी द्या की! जिवंतपणी राबवलं ते पुरलं नाही?"

फ्रेम बघत असलेली बाई म्हणाली, "एवढं काय झालं त्यात? आवाज त्याचाच आहे ना?"

"त्याचा कसा? तो बोललाय का?"

"अहो, मग कोणाचा, तुमचा?"

शिंप्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा. तुमच्या घरात चित्रपटांचा अभ्यास होता."

मी काच घासत होतो. घासतच राहिलो.


शुक्रवार, १४ मार्च

तो चित्रपट बघितला.

गोष्ट यथातथाच. फाटक्या चादरीला नवी किनार लावावी तसं. जावई मूर्ख, सून कजाग, शेजारी चोंबडा. पण फोन वाजला आणि त्या नटाचा आवाज आला, तेव्हा सगळं चित्रपटगृह गप्प झालं. पुढच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, तोच की गं!" कोणी हसलं नाही. म्हातारी रडत होती.

ती सांगायची, शेवटी शेवटी तो नट वाक्यात अडखळायचा आणि त्यातूनच हशा काढायचा. हा कुठेच अडखळला नाही. हे मला कळत होतं. तरी फोन ठेवला गेला की मी पुढच्या फोनची वाट बघत होतो. बायको फोनशी बोलते, भांडते, रडते, ते बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती.

हे चांगलं का वाईट? तिने एका दमात सांगितलं असतं. मला नाही सांगता येत.


रविवार, १६ मार्च

बारक्या आला. येता येता म्हणाला, "भाऊजी, घर इतकं आवरलेलं आहे की इथे माणूस राहतो असं वाटत नाही."

"तू बस, म्हणजे विस्कटेल."

हसला. पण बसला तो खुर्चीच्या टोकावर. हा माणूस एरवी खुर्चीत पसरतो. मी ओळखलं, काहीतरी आहे.

तर असं आहे. रेडिओ केंद्राचे साहेब म्हणतात, तुझं एकट्याचं जमत नाही. एक तर नवी जोडीदार शोध, नाहीतर कार्यक्रम बंद. आणि मग त्यांनीच तिसरं सुचवलं. त्या नटाच्या चित्रपटावर एक भाग करायचा, आणि त्यात ताई बोलणार. नऊ वर्षांचं रेकॉर्डिंग पडलंय, त्यावरून यंत्र तिचा आवाज करील. एकच भाग. गाजेल, लोक भांडतील, आणि कार्यक्रम तरेल. फक्त नवऱ्याची संमती हवी.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते."

"मी तुला विचारलं."

त्याने खिशातून फोन काढला आणि उगाच चाळत बसला. उभ्या जन्मात कोणत्याही चित्रपटावर ह्याला मत नाही असं झालेलं नाही! मग म्हणाला, "त्यांनी नमुना केलाय. तुमच्या फोनवर पाठवतो. ऐकायचा तर ऐका. नाहीतर नका ऐकू, भाऊजी."

तो जिना उतरला की लगेच ऐकला.

"नमस्कार मंडळी! बारक्या आज उशिरा आलाय, म्हणजे नेहमीच्या वेळेवर आलाय. चला, आजच्या चित्रपटाची चिरफाड करू या."

ती होती. काय लिहू? ती होती.


सोमवार, १७ मार्च

परत ऐकला. दुकान उघडायला उशीर झाला.


बुधवार, १९ मार्च

आता ऐकून ऐकून एक लक्षात आलंय. हा तिचा रेडिओवरचा आवाज. तिला दोन आवाज होते. रेडिओवरचा इस्त्री केलेला, शब्द न् शब्द सुटा. घरातला वेगळाच. थोडा बसका. वाक्य पुरं करायचीच नाही. "आणि मग तो... थांब, आधी ती मावशी... मावशी म्हणजे खरी मावशी नाही रे... तर दार उघडतं आणि—" आणि हसू आलं की शब्दाचं शेपूट गिळायची. मला तो हवाय. मी त्याच्यासाठी जिना चढायचो.

तो कुठेच नाही. जेवताना बायकोचं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

बारक्याला फोन केला. विचारू नये ते विचारलं. "घरातलं बोलणं करता येईल का रे त्या यंत्राला?"

"त्याला नमुना लागतो, भाऊजी. आहे तुमच्याकडे?"

"डोक्यात आहे."

"डोक्यातला चालत नाही." मग म्हणाला, "माझ्याही डोक्यात आहे. लहानपणचा. मला झोडायची तेव्हाचा."

संध्याकाळी वहिनीचा फोन, बारक्याच्या बायकोचा. दबक्या आवाजात. "भाऊजी, तुम्ही नाही म्हणा हो. हे रोज गच्चीत जाऊन ऐकतात तो नमुना आणि तोंड धुऊन खाली येतात. ह्यांच्या तोंडून नाही निघणार. बहिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणतात. मी म्हटलं, अहो, ती बहीण आहे का?"

मी विचारलं, "कार्यक्रम बंद पडला तर?"

"पडला तर पडला. घरी भांडतील माझ्याशी. मी काय कमी आहे का?"

वहिनी बोलली ते सगळं खरं. पण मी हो म्हणालो तर एक अख्खा भाग ऐकायला मिळेल. तास नाही, अर्धा तास तरी. रेडिओवरचा का असेना!


गुरुवार, २० मार्च

हो म्हणणार आहे.


शुक्रवार, २१ मार्च

नाही म्हणून आलो. कसं झालं ते लिहितो.

दुपारी दुकान बंद करून केंद्रावर गेलो. पूर्वी कधी गेलोच नव्हतो. खोली किती लहान! भिंतींना करडा स्पंज, एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. त्या दोघांचे गुडघे एकमेकांना लागत असणार. उगाच नाही इतकं भांडण व्हायचं.

साहेब सभ्य माणूस. पाणी दिलं, स्वतःच्या चष्म्याबद्दलही मला विचारून घेतलं. मग कागद पुढे केला. पेन हातात घेतलं, टोपण काढलं. बारक्या खिडकीपाशी पाठ करून उभा.

मी सहज विचारलं, "ती काय म्हणणार आहे?"

"कशाबद्दल?"

"चित्रपटाबद्दल. आवडला म्हणणार की नाही?"

साहेब म्हणाले, "ते आपण लिहून देऊ. तुमचे मेहुणेच लिहितील ना दोघांचंही."

"बारक्या लिहिणार? तिच्या बाजूचं?" मी म्हटलं. "अहो, मग हा जिंकेल!"

बारक्याच्या पाठीला हिसका बसला. रडतोय वाटलं. वळला तर हसत होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा तसा हसला, पोट धरून.

मी पेनाचं टोपण लावलं. म्हटलं, "साहेब, तिने हा चित्रपट बघितलेला नाही. न बघता ती कधी बोलली नाही. ताप असताना जाऊन बसायची. शेवटची नावं संपेपर्यंत उठायची नाही, झाडणारा माणूस ओरडायचा तरी. न बघितलेल्या चित्रपटावर तिला बोलायला लावलं तर... मला नाही चालणार ते."

मी एवढं सलग कधी बोलतो? मलाच नवल वाटलं. साहेब म्हणाले, विचार करा अजून. बारक्या म्हणाला, "झाला विचार."

मी काचेबाहेर थांबलो आणि तिथूनच संध्याकाळचा कार्यक्रम ऐकला. बारक्याने सुरुवात केली, की मेलेल्या माणसाचा आवाज वापरणं पाप, मुलगी बरोबर, मुलगा लोभी. जोरात चालला होता. मग नेहमीसारखा थांबला. ती जागा. आणि म्हणाला, "इथे ताईने मला तोडलं असतं. म्हणाली असती, गधड्या, पुढच्या रांगेतली म्हातारी का रडली ते सांग आधी." हे मीच त्याला सांगितलं होतं. मग तो तिच्या बाजूने भांडायला लागला! नक्कल नाही केली, आवाज स्वतःचाच. एकदा हा, एकदा ती. ती म्हणायची, रडू खरं असतं रे, कारण खोटं असलं तरी. हा म्हणायचा, मग उद्या कांद्यालाही बक्षीस दे. शेवटी हरला. स्वतःशीच भांडून हरला!

फोन वाजायला लागले, ते थांबेचनात. साहेब काचेशी येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघून मान हलवली. बघू, असं म्हणाले.


शनिवार, २२ मार्च

शिंपी सकाळीच आला. "काल तुमच्या मेहुण्याने बहार आणली. आणि तुमची बाई तशीच हो, फटकळ!"

"हो," म्हटलं. "तशीच."

दुपारी फोनमधला नमुना पुसून टाकला. बारक्यानेही पुसला, वहिनीने समोर उभं राहून पुसायला लावला म्हणे. हलकं वाटलं. जेवणही नीट गेलं.


मंगळवार, २५ मार्च

दुपारी दुकान बंद करताना तिची हाक आठवावीशी वाटली. जिन्याच्या वरून मला जेवायला बोलवायची ती. पायरीवर थांबून, डोळे मिटून आठवली. लगेच आली. खणखणीत, शब्द न् शब्द सुटा, शेवटचं अक्षरही न गिळता.

नमुन्यातला आवाज.

दुसरा आठवतच नाही.